न घडलेल्या काळातल्या तिघी

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नागपूरला गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत आर्णीला घरी आली ती एक जाड पुस्तक घेऊन. मला वाटलं, अभ्यासाचं असेल. तिनं ते फराळाच्या डब्याशेजारी उघडं ठेवलं तेव्हा आत चित्रं दिसली. एका चित्रात पाठीला दप्तरं लावलेली चार मुलं एका गंजलेल्या, घराएवढ्या यंत्राच्या सावलीत बसून डबा खात होती. यंत्राला पाय होते. मुलांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, गावातल्या वडाखाली बसावं तशी ती बसली होती.

"हा खेळ आहे, आई," ती म्हणाली.

"एवढं मोठं पुस्तक, अन् खेळ?"

"याच्यात पट नसते, सोंगट्या नसते. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतले पोट्टे होतात. समोर काय आहे ते सांगणारा सांगते, आपण काय करू ते आपण सांगायचं. अवघड काही असलं तर फासे टाकायचे. सहा पडला का जमलं."

"मग जिंकते कोण?"

"कोणीच नाही."

"अन् हारते?"

"कोणीच नाही."

"मग थांबायचं कवा?"

"गोष्ट संपली का थांबायचं."

हॉस्टेलवर त्या पाच-सहा मुली दर रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती बसून हा खेळ खेळत, असं तिनं सांगितलं. खेळातली पात्रं नेहमी तेरा ते सोळा वर्षांची. काळ जुना, पण खराखुरा जुना नाही. "तू चवदा वर्षाची होती ना, तवाचा काळ," ती मला समजावत होती. "तवाच्या लोकायले वाटत असन ना, का पुढं उडत्या गाड्या येतीन, लोखंडाची माणसं वावरात राबतीन. ते सारं पुढं नाही, तवाच झालं असतं तर. तसा काळ."

मी चवदा वर्षांची असताना फुलसावंगीला होते. आमच्या घरी लाइट होती, पण ती असायची कमी. उडत्या गाडीचा विचार गावात कोणी केला असेल असं मला वाटत नाही. उमरखेडची बस वेळेवर आली तरी लोक तिच्याकडे कौतुकानं बघायचे. मी तसं म्हणाले, तर ती हसली. पुष्कळ दिवसांनी घरात कोणी हसलं.

पुष्कळ दिवसांनी का, ते सांगायला पाहिजे. आमचं बसस्टँडच्या रस्त्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. माझे यजमान लग्नाआधीपासून ते चालवतात. त्याच्या आदल्या वर्षी पावसाळा संपता संपता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. एरवी कंबरेएवढ्या झाडावर औषध मारतात, ते खाली पडतं. त्या वर्षी ते माणसाच्या तोंडावर पडत होतं. त्यात अळी नवी, औषधं जालीम, उकाडा असा की तोंडाला बांधलेलं फडकं माणूस काढून टाकायचा. आमच्या भागातली माणसं एकामागून एक यवतमाळच्या दवाखान्यात जायला लागली. काही परत आली नाहीत.

माझ्या मुलीची बालवाडीपासूनची एक मैत्रीण होती. दोघी एका सायकलवर शाळेत जायच्या, एका डब्यात जेवायच्या. तिचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. तिचे वडील दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करायचे, आणि ते काम त्यांच्याइतकं साफ कोणी करत नव्हतं म्हणून लोक त्यांनाच बोलवायचे. एका दुपारी ते वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत कोसळले. त्यांच्या पंपात जे औषध होतं ते त्या वावराच्या मालकानं आमच्या दुकानातून नेलेलं होतं. ते वाचले, पण नजर गेली ती पुरती परत आली नाही. उजेड-अंधार कळायचा. माणूस समोर आला की आकार दिसायचा, चेहरा नाही.

तपासणीला लोक आले, दुकानाला काही दिवस सील लागलं, औषधं नेऊन बघितली. दोष काही निघाला नाही, दुकान उघडलं. कोणी आम्हाला तोंडावर एक शब्द बोललं नाही. तेच कठीण होतं. गिऱ्हाईक येत होतं, कारण अळी काही थांबली नव्हती. पण घरी येणं लोकांनी बंद केलं. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात आणि झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखतात. त्या वर्षी मी रोज खाऊ करून डबा झाकून ठेवला. गाणी शेजारच्या घरापर्यंत यायची आणि आमचं फाटक सोडून पुढच्या घरी सुरू व्हायची. मुलांना कोणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. मोठ्यांचं वागणं त्यांना न सांगता कळतं. रात्री आम्ही तिघं तो खाऊ जेवणात वाढून घ्यायचो.

यजमान आधीही कमी बोलणारे, त्यानंतर जवळजवळ गप्पच झाले. मुलीची बारावी झाली, ती नागपूरला गेली, आणि मी त्या घरात सकाळी अकरापासून अंधार पडेपर्यंत एकटी राहायला लागले. टीव्ही लावून ठेवायची, बघायची नाही. दळण आणायला मुद्दाम लांबच्या चक्कीवर जायची, तेवढीच माणसं दिसतात म्हणून. चक्कीवाला "ठेवा डबा" म्हणायचा आणि मला ते दोन शब्दही घरी येईपर्यंत पुरायचे.

तर असा तो खेळ घरात आला. पण दोघींत तो होईना. सांगणारी एक, आणि खेळायला निदान दोघी तरी पाहिजेत, असं मुलीचं म्हणणं. ती दोन दिवस पुस्तक चाळत बसली. मग एकदम म्हणाली, "मी तिले बोलावते."

"येईन का ती?"

"नाही आली तर नाही आली."

ती गेली आणि लवकर परत आली. मैत्रीण दारातच भेटली होती. नीट बोलली, नागपूरचं विचारलं, पण खेळायला येते का म्हटल्यावर घरात काम आहे म्हणाली. मुलगी पलंगावर पालथी पडून राहिली. मी तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. मैत्रीण उभी होती. वर्षभरात उंच झाली होती, नाहीतर वाळली असेल म्हणून तशी दिसत होती. ओढणीच्या टोकानं हात पुसत म्हणाली, "काकू, कोणता खेळ आहे म्हणे?"

"मले तरी कुठी समजला? ये, बस."

ती आत आली नाही. "काका?"

"दुकानात आहेत. संध्याकाळीच येतात."

"मंग बसतो थोडा वेळ. ते घरी नसले तवाच येईन मी, काकू. राग नका येऊ देऊ."

मला राग आला नाही. तिनं इतकं सरळ सांगितलं याचंच बरं वाटलं. वर्षभरात आमच्याशी सरळ बोलणारं ते पहिलं माणूस.

मागच्या खोलीत चटई टाकून आम्ही तिघी बसलो. आधी आपापली पात्रं करायची होती. मुलगी म्हणाली, गोष्ट पुस्तकातल्या परदेशी गावात कशाला, आईच्या फुलसावंगीतच ठेवू. तिनं मला विचारलं, तेव्हा गावात काय काय होतं. मी सांगत गेले. शाळेमागची बाभळीची रांग. एका घरातला टीव्ही आणि त्यासमोर अंगणात बसणारं अर्धं गाव. पोस्टातला फोन, ज्याच्यात ओरडून बोलावं लागायचं. ती मान हलवायची आणि त्यात भर घालायची. टेकडीवर सरकारनं बांधलेला एक मनोरा, जो आभाळातले ढग ओढून आणतो. रात्री रस्त्यानं फिरणारे दिवे. पऱ्हाटी वेचणारी, लांब हातांची लोखंडी यंत्रं.

"मंग बाया काय करत होत्या?" मी विचारलं.

"कवा?"

"यंत्रं कापूस वेचतात तर बाया काय करतात गावातल्या? वेचणीवरच तर त्यायचं चालते."

मुलीनं पेन्सिल थांबवली. "हे काही आम्ही हॉस्टेलवर कधी पाह्यलं नाही," ती म्हणाली. आणि मैत्रीण इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

मग मला पात्र निवडायचं होतं. मी रेडिओवाली झाले. आमच्या घरी रेडिओ होता, आणि तो बिघडला की भाऊ उघडायचा. मला हात लावायची परवानगी नव्हती, त्याच्या आतल्या लालपिवळ्या तारा मी लांबून बघायचे. खेळातली मी मात्र कोणतंही यंत्र उघडून दुरुस्त करणारी. मैत्रीण सायकलवाली झाली.

"आमच्या वक्ताले पोरी सायकल नव्हत्या चालवत," मी म्हणाले.

"हा तुमचा वक्त नाही ना, आई. हा तसा दिसणारा दुसरा वक्त आहे."

प्रत्येकीनं आपल्या पात्राच्या घरातली एक अडचण सांगायची होती, जी ते पात्र कोणाला सांगत नाही. माझ्या रेडिओवालीची अडचण मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, तिला दहावीनंतर शिकू देणार नाहीत. ती माझीच होती. मैत्रिणीनं बराच विचार केला आणि म्हणाली, "सायकलवालीच्या घरी काही अडचण नाही. सारे बरे आहेत."

"काहीतरी पाह्यजे," मुलगी म्हणाली, "नियम आहे तसा."

"मंग ल्ही का तिच्या घरी सारे लवकर झोपतात."

मुलीनं तेच लिहिलं.

पहिल्या दुपारी फार काही घडलं नाही. आम्ही, म्हणजे रेडिओवाली आणि सायकलवाली, मनोऱ्याच्या कुंपणापर्यंत गेलो आणि परत आलो. मला सुरुवातीला फार लाज वाटली. पंचेचाळिशीची बाई, आणि "मी कुंपणाखालून सरपटत जाते" असं मोठ्यानं म्हणायचं. पहिल्यांदा ते म्हणाले तेव्हा दाराकडे बघितलं, कोणी ऐकत तर नाही. पण फाशात सहा पडला आणि मुलगी म्हणाली, "गेली तू. कपडे फाटले नाहीत. आतलं गवत ओलं आहे." मला ते गवत कोपरांना लागलं. खरंच लागलं. त्या रात्री स्वयंपाक करताना मी मनोऱ्याचाच विचार करत होते, आणि यजमानांनी दोनदा मीठ मागितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. येताना काहीतरी आणायची, वाटीभर शेव, दोन सीताफळं. खेळाच्या मधल्या वेळात दोघी मुली एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या. पण खेळ सुरू झाला की बोलत. मुलगी सांगायची आणि मैत्रीण उत्तर द्यायची, आणि त्या आवाजात मला त्या दोघी एका सायकलवर बसून शाळेत जाताना ऐकू यायच्या.

मुलीनं गोष्ट अशी रचली होती की मनोऱ्यावरचा एक माणूस हरवतो आणि आम्ही त्याला शोधतो. आम्ही नाल्यात उतरलो होतो. मुलीनं विचारलं, "नाल्यात वाळलेल्या बेशरमाच्या झाडात काहीतरी हालते. तुमी काय करता?"

"मी सायकल ठेवून जवळ जातो," मैत्रीण म्हणाली. "तिथं यंत्र आहे."

काय आहे ते सांगायचं काम मुलीचं होतं. पण मैत्रीण थांबली नाही. "फवारणीचं यंत्र आहे. या काळात माणसं फवारणी करत नसतीन ना? यंत्रंच करत असतीन. पाठीवर टाकी अन् खाली पाय. ते आपल्या वावरातून पळून आलं. त्याले आता दिसत नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नजर खाली घातली. मग ती म्हणाली, "हाव. दिसत नाही त्याले. तुमच्या पायाचा आवाज आल्याबरोबर ते मांगं सरकलं."

"मी त्याले हात लावतो. भेव नको म्हणतो."

"फासे टाक."

सहा पडला नाही. यंत्र अजून मागं सरकलं आणि चिखलात फसलं. मैत्रिणीनं फासे हातात घट्ट धरून ठेवले. "मी इथंच बसतो," ती म्हणाली. "उद्या येईन ते जवळ."

त्यानंतर हरवलेल्या माणसाला आम्ही विसरलो. पुढच्या दुपारभर आम्ही ते यंत्र बाहेर काढत होतो. मी त्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं, आतली टाकी रिकामी केली. औषध नाल्यात सोडायचं नाही, असं सायकलवालीनं बजावलं, म्हणून खड्डा खणला. मी त्याच्या तारा तपासल्या. "डोळे होतीन का दुरुस्त?" तिनं मला, म्हणजे रेडिओवालीला विचारलं. मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "ते तू सांग, तू उघडलं आहे." मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "डोळे नाही होणार माह्याच्यानं. पाय होतीन." मैत्रीण म्हणाली, "चालते. पाय कर."

त्या दिवसांत मी सुखी होते, हे मला लिहायला हरकत नाही. दुपार व्हायची वाट बघायची. सकाळीच भाजी-पोळी उरकून मागची खोली झाडून ठेवायची.

मग एका दुपारी यजमान अवेळी घरी आले. दुकानातली लाइट गेली होती आणि त्यांचं डोकं दुखत होतं. फाटकाचा आवाज आम्ही ऐकला नाही. मी वर बघितलं तेव्हा ते दारात उभे होते, हातात चपला. मैत्रिणीनंही बघितलं. तिचा फासे टाकायला उचललेला हात तसाच राहिला.

यजमान आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. ते मागच्या दाराच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, मुलगी आता खेळ बंद करेल. मैत्रीणच म्हणाली, "सांग ना पुढं. कुठी होतो आपण?"

"नाल्याच्या काठावर. यंत्र उभं राह्यलं आहे. पण चढ आहे, अन् तुमच्या दोघींच्यानं ते वर जात नाही."

"मोठं कोणी आहे का आजूबाजूले?"

"रस्त्यानं एक माणूस चालला आहे."

"आपल्या खेळात मोठी माणसं मदत करत नाहीत ना?"

मुलीनं पायरीकडे बघितलं नाही. "नाही," ती म्हणाली. "त्यायले यंत्र दिसतच नाही. ते तिथून निघून जातात."

"बरं," मैत्रीण म्हणाली. "मंग आपणच ढकलू." आणि तिनं फासे टाकले.

किती पडले ते मला आठवत नाही. यजमान उठले, चपला घातल्या आणि न जेवता दुकानात परत गेले, एवढं आठवतं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तिच्या बापाचं कसं आहे आता?"

मी म्हटलं, "तुम्हीच जाऊन विचारा."

मला वाटलं नव्हतं की ते जातील. पण ते गेले, सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मी दारात उभी राहिले. परत यायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते हातपाय धुऊन बसले आणि स्वतःच बोलायला लागले. "चहा पाजला त्यानं. बायकोनं नाही, त्यानंच चुलीपाशी जाऊन केला, चाचपत. मी आवाज दिला तवा वळखलं मले. म्हणे, बसा, यंदा पऱ्हाटी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "बरी कुठी आहे? सारी किडली आहे. पण मी बरी आहे म्हटलं."

"अजून काय बोलले?"

"काही नाही. मले बोलायचं होतं. नाही बोलता आलं."

त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्या दुपारी मैत्रीण आली नाही. आम्ही चटई टाकून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आली, पण फाटकाच्या आत पाय ठेवला नाही. मुलगी आंघोळीला गेली होती. मी बाहेर गेले.

"तुम्ही सांगितलं का काकाले, आमच्या घरी जा म्हणून?"

"जा असं नाही म्हटलं. ते विचारत होते, मी म्हटलं तुम्हीच विचारा."

"बाबा कालपासून जेवले नाहीत नीट. मायनं मले विचारलं, तू कुठी जात होती दुपारची. मी सांगितलं नव्हतं घरी." ती रागानं बोलत नव्हती, थकल्यासारखी बोलत होती. "काकू, इथं आलं का मले ते सारं आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण ते त्या यंत्राचं होतं. आता तुमच्या घरी आली तर आमचंच आठवीन."

मी फाटकाची कडी धरून उभी होते. "तिले भेटून तरी जा."

"तिले सांगजा, माह्या क्लासचे पेपर आहेत म्हणून."

मी मुलीला तसंच सांगितलं. तिला खरं कळलं असणार, कारण तिनं कोणते पेपर हे विचारलं नाही. सुट्टी संपली. ती नागपूरला गेली तेव्हा फासे माझ्यासाठी ठेवून गेली. पुस्तक घेऊन गेली, ते तिच्या एकटीचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी एकदा एकटीनं खेळून बघितलं. मागच्या खोलीत चटई टाकली, फासे घेतले, नाल्याच्या काठावर आले. मी म्हटलं, मी यंत्राला ढकलते. सहा पडला. पण वर काय आहे ते मला कळेना. रस्ता आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. समोर काय दिसतं ते सांगणारं दुसरं माणूस लागतं, नाहीतर सगळं आपणच ठरवलेलं असतं आणि त्यात जाता येत नाही. मी फासे कपाटात ठेवून दिले. बाहेर लोक किडकी पऱ्हाटी उपटून बांधावर ढीग लावत होते, रोज एका नव्या बाजूनं धूर दिसायचा.

यजमान त्यानंतर दोनतीनदा बुद्धविहाराच्या गल्लीत जाऊन आले. काय बोलणं व्हायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. औषधाच्या बाटलीबरोबर हातमोजे आणि तोंडाची पट्टी दिल्याशिवाय ते कोणाला जाऊ देत नव्हते, एवढं दुकानातल्या माणसाकडून कळलं. लोक ते घ्यायचे आणि उकाड्यात वापरायचे नाहीत. पुढच्या वर्षी मैत्रीण नर्सिंग शिकायला यवतमाळला गेली. जाण्याआधी ती आमच्याकडे आली नाही. मला ते तिच्या आईकडून कळलं, भाजीबाजारात. आम्ही दोघी मेथीच्या ढिगाशी एकाच वेळी वाकलो होतो. ती म्हणाली, "पोरगी गेली शिकायले." मी म्हटलं, "चांगलं झालं." तिनं मेथीची एक जुडी निवडून माझ्या पिशवीत टाकली, दुसरी स्वतःच्या, आणि गेली. मी ती जुडी हातात घेऊन बघत बसले, इतका वेळ की भाजीवालीनं विचारलं, काही खराब निघालं का.

मी एकदा नागपूरला मुलीकडे गेले. तिच्या खोलीतल्या मुलींनी हट्ट केला म्हणून त्यांच्यासोबत खेळायला बसले. त्या भराभर बोलत होत्या, अर्धं इंग्रजीत. त्यांचं गाव बर्फाचं होतं. तिथं कापूस नव्हता, नाला नव्हता. सगळ्या मला सांभाळून घेत होत्या, माझी पाळी आली की हळू बोलायच्या. घरातली अडचण सांगायची वेळ आली. एकीनं सांगितलं आईवडील भांडतात, दुसरीनं सांगितलं भाऊ पळून गेला. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या घरी कोणी येत नाही."

"काहून?" सांगणाऱ्या मुलीनं विचारलं. ती वर्ध्याची होती, त्यामुळे तिचं काहून मला जवळचं वाटलं.

"ते नाही माहीत तिले. ती चवदा वर्षाची आहे."

माझी मुलगी समोर बसली होती. तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि खेळ संपेपर्यंत तसाच ठेवला.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका कंबरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकल्या होत्या. आर्णीला उतरले तर स्टँडवर यजमान मोटारसायकल घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत ते मला घ्यायला कधी आले नव्हते. त्यांनी माझी पिशवी पुढं अडकवली. गाडी चालू करून, पाठमोरे असतानाच, त्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही त्या खेळात?"

मी सांगायला सुरुवात केली. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्यातली मुलं होतात. वारा होता, त्यांना किती ऐकू आलं ते मला कळलं नाही, पण मी सांगत राहिले. घरापाशी त्यांनी मला उतरवलं, पिशवी पायरीवर ठेवली आणि दुकानात गिऱ्हाईक असेल म्हणून गेले. मी कुलूप उघडलं. चार दिवस खिडक्या न उघडलेल्या घराला असतो तसा वास येत होता. मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि चहा ठेवला, सवयीनं दोन कप.